कार्ड घेणारी सिस्टर

"आई, उतर. हीच गल्ली," वैभव म्हणाला आणि टॅक्सीचं दार धरून उभा राहिला.

मीराबाई सावकाश उतरल्या. उजव्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. पिशवीत पट्टी, पट्टीच्या आत साखरेने चिघळलेली जखम. अंगठा गेलाच होता. जखम रोज नीट धुतली नाही तर पाऊलही जाईल, असं हॉस्पिटलने घरी सोडताना बजावलं होतं. रोज धुणार कोण, ते मात्र सांगितलं नव्हतं.

वैभवची कंपनी बंद पडली, तिच्याबरोबर कंपनीचा विमाही गेला. उरलं सरकारी विम्याचं कार्ड. परळपासून दादरपर्यंत त्याने ज्या ज्या दवाखान्यात फोन केला, तिथले लोक आधी गोड बोलायचे. कार्डाचं नाव काढलं की त्यांची नर्स एकदम रजेवर जायची. शेवटी कार्डाच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने लालबागच्या या छोट्या दवाखान्याचा पत्ता दिला. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकी सगळं सिस्टरच बघतात, आणि कार्ड घेतात, म्हणाली. पत्ता ऐकल्यावर वैभव बराच वेळ फोन कानाला लावून बसला होता. आईला त्याने फक्त 'लालबागला जायचंय' एवढंच सांगितलं.

चाळीतली तळमजल्याची खोली होती. बाहेर बाकावर दोन-तीन पेशंट. आत शिरल्या शिरल्या मीराबाई थबकल्या. रंग नवा होता, मधे हिरवा पडदा लागला होता. पण मोरीवरचा रंगीत काचांचा झरोका तोच होता.

"वैभव, हंय मी येऊन गेलंय."

"हो."

"तुका म्हायत होता?"

"दुसरं कोणीच कार्ड घेत नव्हतं, आई."

याच खोलीत, त्या झरोक्यासमोर त्या खुर्चीवर बसल्या होत्या, वैभवसाठी मुलगी बघायला. पोहे चांगले झाले होते. मुलगीही चांगली होती. मनातल्या मनात त्यांनी ते तेव्हाही कबूल केलं होतं. पण मुलगी नर्स. रात्रपाळ्या करणार, परक्या पुरुषांची अंगं पुसणार. करी रोडला शेजारीपाजारी काय म्हणतील? निघताना मुलगी पाया पडायला वाकली, तशा मीराबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नमस्कार घेतला की शब्द दिल्यासारखं होतं. "राहू दे गो," एवढंच म्हणाल्या होत्या.

वैभवला मुलगी आवडली होती. गल्लीच्या तोंडापर्यंत तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं. बोलला नाही. पुढे मीराबाईंनी चांगली दिवसा नोकरी करणारी सून आणली. आता तिची कंपनी अमेरिकेची आहे. तिकडे उजाडलं की इकडे ती लॅपटॉप उघडून बसते, आणि सकाळी सासूची पट्टी बदलायच्या वेळी तिचे डोळे मिटत असतात. त्यात तिची काही चूक नाही.

पडदा सरकवून सिस्टर बाहेर आली. तीच मुलगी, मनाली. कानाजवळचे केस पिकले होते.

"कार्ड आणि आधार द्या."

वैभवने दिलं. तिने नाव वाचलं. मग वैभवकडे पाहिलं, मग मीराबाईंकडे.

"आत या, मावशी. इथे बसा." आणि वैभवला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

तो लगेच बाहेर गेला. तेव्हासारखाच, काही न बोलता.

मनाली खाली बुटक्या स्टुलावर बसली. ग्लोव्हज चढवून तिने जुनी पट्टी सलाइनने भिजवली आणि हळूहळू सोडवायला घेतली. मीराबाईंना दुखत होतं. पण डोळे भरून आले ते दुखण्याने नव्हे.

"माझा चुकला गो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझा खूप चुकला."

मनालीने पट्टीचा पुढचा वेढा सोडवला.

"आई माझ्या मागेच लागली होती त्यानंतर. नोकरी सोड, नोकरीमुळे जमत नाही म्हणायची. मी नाही सोडली." तिने ओला बोळा ट्रेमध्ये टाकला. "राग होता, मावशी. खोटं कशाला बोलू? खूप वर्षं होता."

"आणि आता?"

"आता जखम बघतेय."

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला. जखम नीट दिसावी म्हणून मनाली खाली वाकली, अगदी पावलापर्यंत. तिच्या गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी तेवढी होती, दुसरं काही नव्हतं. मीराबाईंना ते दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय आपसूक खुर्चीखाली सरकला.

मनालीने घोटा धरला. घट्ट, पण दुखणार नाही असा.

"मावशी," ती वर न बघता म्हणाली, "या वेळी पाय मागे घेऊ नका."

मीराबाईंनी पाय पुढे केला. सवयीने त्यांचा उजवा हातही आशीर्वादासाठी उचलला गेला होता. तो त्या वाकलेल्या डोक्यावर ठेवावा की नाही, ते त्यांना ठरवता येईना. पट्टी बांधून होईपर्यंत तो तसाच अधांतरी राहिला.