नवा लाल

मोहोपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात रणदिवेबाईंनी पाच वर्षं खपून सुती कापडासाठी नवा लाल रंग तयार केला. जुन्या लालमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर करणारं विष होतं, यात ते नव्हतं. दोनशे वेळा रंग फसला. "बाई, आज तर गाजराचा हलवा झाला!" असं पदू रंगारी चिडवायचा. बाई हसायच्या, सगळं ओतून द्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागायच्या. अशी जिद्द पदूने जन्मात पाहिली नव्हती.

नवा रंग घ्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं. मुंबईहून नवे आलेले साहेब म्हणाले, "पदू, तुझी नजर पक्की म्हणतात. बघ."

पदूने जुन्या आणि नव्या लालमध्ये रंगवलेल्या कापडाच्या दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी उजेडात धरल्या, भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासल्या.

"खरं सांगू, साहेब? जुना जास्त खुलतो."

बाईंनी मान खाली घातली. साहेब हसले. "ऐकलंत, बाई? पदू, तुझी बायको यातल्या कुठल्या लालचं लुगडं घेईल?"

पदूने नवी पट्टी घडी करून बाईंच्या हातात दिली.

"जुनंच घेतलं असतं तिनं. लालची लय हौस. बारा वर्षं माझे कामाचे कपडे हातानं धुतले, रोज पाणी लाल व्हायचं. गेल्या पौषात त्याच कॅन्सरनं गेली. बाईंचा रंग तवा असता ना साहेब, तर तुमचा सवाल आज घरी जाऊन तिलाच विचारला असता."