ओली शिरोरेघ

"चारच्या आत या, पेंटर. तुमची एक सही राहिलीय," बँकेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

पेंटरने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला होता. हातात ब्रश, समोर पत्र्याचा बोर्ड. 'गाळा' झालं होतं, 'भाड्याने' निम्मं.

"आज एक घाईचं काम घेतलंय, मॅडम. उद्या बँक उघडल्या उघडल्या हजर होतो."

पलीकडे कोणीतरी काहीतरी जड ओढत होतं. "उद्याचं मी सांगू शकत नाही. आजच जमवा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अहो, जा ना. बोर्ड काय पळून जातोय?"

"मधेच ब्रश ठेवला की शिरोरेघेला सांधा दिसतो."

"तो फक्त तुम्हालाच दिसतो. आणि उद्या मॅडमची बदली झाली तर? आपल्यासाठी पुन्हा कोण भांडणार तिथे?"

तो हसला, पण आतून चरकलाच. अक्षरं कापायचं मशीन विक्रेत्याने त्याच्यासाठी शनिवारपर्यंतच राखून ठेवलं होतं. ते आलं नाही तर नुसत्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर दुकान फार दिवस तगणार नव्हतं.

आणि मॅडमसारखं माणूस कुठून आणायचं? मुख्य कार्यालयाने मशीनच्या कर्जाचा अर्ज दोनदा परत पाठवला होता. मग त्या स्वतः दुकानात आल्या, रंगाच्या डब्यावर बसल्या, गिऱ्हाइकांशी बोलल्या आणि भांडून कर्ज मंजूर करून घेतलं. मुळात अर्ज करायला लावलं तेही त्यांनीच. बँकेच्या दारावरची पाटी तो रंगवत होता तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "'लघुउद्योजकांचे स्वागत' असं झोकात लिहिताय, मग स्वतः कधी येताय?"

"निदान त्या गाळेवाल्यांना तरी विचारा, थोडा उशीर चालेल का," बायको म्हणाली.

त्याने लगेच फोन लावला.

"अजिबात नाही," गाळ्याचे मालक म्हणाले. "भाडेकरूंचं सामान निघालंय. अंधार पडायच्या आत बोर्ड लागला पाहिजे. औषधाच्या दुकानामागच्या बोळातून या, पुढे टेंपो आडवा लावलाय."

"बघ. शब्द दिलाय मी," पेंटर हसत बायकोला म्हणाला. "कोणाचं तरी बस्तान उठतंय आणि आपली चूल पेटतेय."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

चार वाजून गेल्यावर फोन पुन्हा वाजला. त्याचे हात रंगाने माखलेले. बायको धावत आली, पण तिने उचलेपर्यंत तो वाजायचा थांबला. तिने मॅडमना परत लावून पाहिला. कोणी घेतला नाही.

रंग पुरता वाळलाही नव्हता तेव्हा तो निघाला. अक्षरांना कुठे धक्का लागू नये म्हणून बोर्डावरची नजर न हलवता त्याने बोळ ओलांडला आणि टेंपोला वळसा घातला. खुर्च्या चढवून झाल्या होत्या. शटर पडलं होतं.

मालक शिडी धरून उभे होते. "आलात? आधी वरची जुनी पाटी उतरवा. खिळे तेच चालतील."

पेंटरने वर पाहिलं. 'लघुउद्योजकांचे स्वागत'. शिरोरेघेला कुठेही सांधा नव्हता.