स्क्रीनपुरती खाच

अरे, आज सकाळी काय झालं ऐका. नोकरी गेल्याचं मी बाबांपासून महिनाभर लपवलंय ना, रोज बॅग घेऊन निघतो आणि बागेत जाऊन बसतो. म्हटलं, त्यांच्या गाडीत मोठी स्क्रीन बसवून आधी खूश करू, मग हळूच सांगू. पण डॅशबोर्डची खाच बोटभर अपुरी पडली. मग करवतीच्या पात्याने प्लास्टिक कापलं, मागची वायर ओढायला हात आत घातला, तो मनगटाशी असा अडकला की निघेचना. ओढला की कापलेली कड रुतायची.

तेवढ्यात बाबा आले. मी मनात म्हटलं, मेलो. त्यांनी कापलेला डॅशबोर्ड बघितला, माझा हात बघितला, घरातून तेलाची बाटली आणली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"बाबा, लवकर तेल सोडा ना. ऑफिसला उशीर होतोय."

त्यांनी दार लावून घेतलं, बाटली मांडीवर ठेवली आणि निवांत मागे टेकले.


"बरा सापडलास. आता सांग, कुठल्या ऑफिसला?"