पुंगळ्या

प्रमिला मागच्या ओसरीवर पितळी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या निवडत होती. तोंडाशी चिरलेली पुंगळी भंगारात, धड असलेली पुसून नवऱ्यापुढे. सत्यवान त्यांत पुन्हा दारू आणि छर्रे भरायचा. रानडुकरं उभं भात लोळवून जायची, म्हणून या कामाचा तिला कधी कंटाळा आला नव्हता.

"बार नीट लागतो का बघू," म्हणत त्याने नवं भरलेलं काडतूस बंदुकीत घातलं आणि परसातल्या फणसाकडे नेम धरला. फणसावर वानरीण पिल्लाला पाजत बसली होती.

"अहो, लेकुरवाळी आहे ती!" प्रमिला ओरडली, तोवर बार उडालाही. वानरीण धपकन खाली आली. पिल्लू तिच्या पोटाला तसंच चिकटलेलं होतं आणि रक्ताने भिजलेलं आचळ चोखत होतं.

"फक्कड!" सत्यवान हसला. "घे, हिच्यात अजून दोनदा भरता येईल." गरम पुंगळी त्याने तिच्या ओटीत टाकली.

प्रमिला उठली. अंगणाच्या कडेला जाऊन ती भडाभडा ओकली. मग तोंड पुसून आली, धुण्याच्या दगडावर पुंगळ्यांचा डबा उपडा केला आणि वरवंट्याने एकेक पुंगळी चेचायला लागली.

"अगं, खुळी झालीस की काय?"

"आधी त्या पिल्लाला सोडवून आणा," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या हातात येत असेल तर."

सत्यवान ओसरीच्या पायरीवरून हलला नाही. शेवटी तीच उठली आणि पदर पसरून फणसाखाली गेली.