वर्षभरात शून्य वेळा

"आईचा आवाज पुसला?" मंदाकिनीबाईंनी स्मृतिकेंद्राच्या खिडकीवर हात आपटला. "अगं, परवा तिच्या श्राद्धाची तिथी. सगळी भावंडं ऐकायला येणार आहेत."

खिडकीतली मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "काकू, कोणती फाइल किती वेळा उघडली, याचा हिशेब यंत्रणा स्वतःच ठेवते. वर्षभरात एकदाही उघडली नाही, तर पुसून जागा मोकळी करते. तुमचा आकडा शून्य होता."

"शून्य कसा? दरवर्षी तिथीलाच ऐकतो आम्ही. यंदा अधिक महिना आला, म्हणून तिथी लांबली."

"यंत्रणेला अधिक महिना माहीत नाही, काकू."

"आणि आमच्या शेजारच्या रेग्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं भुंकणं?"

"ते रोज लावतात. त्याला कायमची जागा मिळालीय."

मंदाकिनीबाईंच्या घरी आईचा आवाज म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू. रेडिओसारखा रोज लावायची कुणाची छाती नव्हती. जपून वापरलं म्हणून गेलं, असला न्याय त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

"तक्रार नोंदवून घेऊ का?" मुलीने हळूच विचारलं.

"घे. आणि रोज एकदा उघडून बघत जा बाई, नाहीतर तीही पुसून टाकेल तुझी यंत्रणा."