सशाचा चौथा पाय

‘गट कायमचा बंद करायचा? नक्की?’ फोननं विचारलं. नक्की, ताई मनात म्हणाली. पण बोटांना प्लॅस्टर लागलेलं होतं, म्हणून ती आधी हात धुवायला उठली. तेवढाच उशीर झाला.

ताई कवळ्या घडवायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकटीनं बसून लोकांचे दात तासायचे, डबीत घालायचे आणि पुढे पाठवून द्यायचे. ते दात लावून कोण हसलं, कुणी काय चावलं, तिला कधी कळायचं नाही. तिची बोलायची माणसं होती फोनमधल्या क्रोशाच्या गटात. तो गट तिनंच काढलेला. सगळ्या तिला ताई म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या असलेल्यासुद्धा. महिन्याच्या सुरुवातीला ती एक कृती सगळ्यात वर लावायची. मग महिनाभर सगळ्या तेच विणायच्या, फोटो टाकायच्या आणि एकमेकींना चिडवायच्या. ‘अगं, हा हत्ती आहे की उशी?’

मग फोटो बनवणाऱ्या त्या मेल्या मशीनची धाड आली. रोज ढिगानं फोटो. सुबक बाहुल्या, गुबगुबीत अस्वलं, आणि खाली एकच रडगाणं: ‘आज माझा वाढदिवस. हे मी स्वतः विणलं, पण कुणीच कौतुक करत नाही.’ सुरुवातीला ताईनं त्या आज्यांची समजूत काढली. एकीला तर ‘आजी, जेवलात का?’ म्हणूनही विचारलं. नंतर कळलं की आजी नाही, अस्वल नाही आणि लोकरही नाही. कुणीतरी कुठेतरी कळ दाबतं आणि ढीगभर आज्या रडायला लागतात. ताई काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. खाली ‘वा, किती सुंदर’ म्हणणारीही मशीनच.

खरी माणसं मात्र एकेक करून गप्प झाली. भांडली असती तरी चाललं असतं. ‘डोळे साथ देत नाहीत,’ एकीनं लिहिलं. ‘जमत नाही आता,’ दुसरीनं. गटातल्या सगळ्यात जुन्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी एवढंच लिहिलं, ‘माझे हात गेले गं. लोकर वाटून टाकली.’ ताईला वाटलं, ही सगळी सांगायची कारणं. या कचऱ्यात कोण बसणार? आणि खरं सांगायचं तर तिला आणखी एक वाटायचं: त्यांना आपलाच कंटाळा आला असेल. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. बोलणार कुणाजवळ?

“बंद करून टाक की एकदाचं,” धाकटी बहीण सकाळीच फोनवर म्हणाली होती. “भुतांच्या घरात झाडू मारत बसलीयस नुसती.”

हात पुसून ताईनं फोन उचलला, तर नवा फोटो आलेला. घ्या! जाता जाता आणखी एक. ती काढून टाकणार, तेवढ्यात थांबली.

ससा होता. ससा कसला, ध्यान होतं. पाय तीन. एक कान डोक्यावर, दुसरा शेपटीखाली. पांढरी लोकर मध्येच संपली म्हणून पुढे निळी. पोटावर ग्रीसचा डाग, आणि कडेला सशाला धरलेला एक अंगठा, नख चिरलेलं. खाली लिहिलं होतं:

‘ताई, मी क्रेन चालवतो. वर केबिनमध्ये एकटाच असतो, म्हणून हे शिकतोय. तुम्ही सगळ्यात वर लावलेला ससा केला. चार वेळा उसवून पुन्हा केला. माझं कुठे चुकतंय? विचारायला दुसरं कुणी नाही.’

ताईला आधी हसूच फुटलं, कितीतरी दिवसांनी. मग तिनं वरची कृती उघडली. फोटो गोड दिसला म्हणून तिनं ती लावली होती, पहिल्या रडक्या आजीच्याही आधी. त्या महिन्यात कवळ्यांची घाई होती, तिनं स्वतः ससा केलाच नव्हता. पुढे नवी कृती कुणी मागितली नाही, तीच राहिली. आज तिनं पहिल्यांदा ती ओळ न ओळ वाचली. ‘तिसऱ्या पायानंतर दोरा तोडा. दुसरा कान शेपटीखाली शिवा.’ फोटोतला ससा मात्र चार पायांवर ऐटीत बसलेला.

“अगं बाई!” ताई मोठ्यानं म्हणाली. त्या माणसाचा एकही टाका चुकला नव्हता.

तिनं उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. नुसतं सांगून कसं चालेल? तिनं खणातून लोकर आणि सुई काढली. कवळ्या राहिल्या बाजूला. दुपारभर बसून तिनं तो ससा शब्दाबरहुकूम केला. शेपटीखाली कान शिवताना तिला फार लाज वाटली. टेबलावर ठेवला तर ससा दातांच्या डबीवर कलंडला. तिनं तसाच फोटो काढला आणि गटात टाकला.

‘दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. हा बघा माझा. कृतीच खोटी आहे, मशीननं लिहिलेली. न वाचता वर लावली ती मी. चौथा पाय कसा घालायचा ते उद्या आपण दोघं मिळून बघू.’

हे बघणार कोण? एक क्रेनवाला आणि बाकी भुतं. ताईनं दिवा घालवला, पर्स उचलली. कडी लावताना फोन वाजला.

फोटो होता. टाका न टाका एकसारखा, कुठे सैल नाही, कुठे गाठ दिसत नाही. डब्यात दाबून ठेवल्यामुळे चपटा झालेला ससा. पाय तीन, कान शेपटीखाली. खाली शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं:

‘म्हणजे माझे हात अजून चांगले आहेत ना गं?’