कंपनीचं सील

भाट्याच्या खाडीत ओढून ठेवलेल्या होडीचं इंजिन मितेश मेकॅनिकने सगळं खोललं होतं. त्याने आत्मारामकाकांसमोर दोन खोके ठेवले. "ही सील-बेअरिंग कंपनीची आणि ही लोकल. नारळी पौर्णिमेला गिऱ्हाईक होडी न्यायला येणार ना? मग लोकलच घालूया. आतलं कोण बघायला येतंय?"

"कंपनीचं घाल."

"विकायच्या होडीत कोण घालतो काका? गेल्या वर्षी होडी तुमची होती, तरी तुम्हीच म्हणालात, कंपनीचं यायला चार दिवस लागतील, लोकल घाल. नारळ सोडल्यावर सगळ्यांबरोबर माझी होडी निघाली पाहिजे..." बोलता बोलता मितेशने जीभ चावली.

काकांनी पंपाचं फाटलेलं जुनं सील उचलून हातात धरलं. त्याच्यामुळेच इंजिन भर समुद्रात तापून बंद पडलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी जयगडजवळ होडी सापडली होती, ती त्यांच्या मुलाशिवाय, संदेशशिवाय.

"तो म्हणत होता रे, बाबा, चार दिवस थांबूया."

मितेश हळू आवाजात म्हणाला, "आता कंपनीचं घालून काय उपयोग काका?"

"मला काहीच नाही," काकांनी कंपनीचा खोका त्याच्याकडे सरकवला. "पण त्या गिऱ्हाइकाने पण आपल्या पोरालाच होडी चालवायला तांडेल केलंय."